लाल दाखवा!

इंजिनीअर मंडळींविषयी समाजाचे एक ठाम मत आहे. हा गृहस्थ बोलतो कमी, बोललाच तर आकड्यांत बोलतो, आणि हसायचे झाले तर आधी त्याचे एस्टिमेट काढतो. पंक्तीत शेजारी इंजिनीअर येऊन बसला की लोक मुकाट्याने जिलबीकडे लक्ष देतात. माझेही मत पूर्वी असेच होते. पण दापोलीतल्या एका लहानशा इंजिनीअरिंग फर्ममध्ये हिशेबनीस म्हणून माझा शिरकाव झाला आणि बारा-तेरा वर्षांच्या सहवासाने ते पार बदलले. आता तर मला वाटते की ही माणसे हसत नसती, तर त्यांच्या हातची एकही गोष्ट धड उभी राहिली नसती.

ज्यांनी दापोली पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. कोकण म्हटले की समुद्र आणि माड डोळ्यांपुढे येतात. पण आमचे गाव समुद्रापासून जरा आत, डोंगरावरच्या सपाटीवर वसलेले. इंग्रजांच्या वेळी येथे लष्कराची छावणी होती, म्हणून जुनी माणसे अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. साने गुरुजी इथल्या शाळेत शिकले. १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठही इथलेच. पाऊस म्हणाल तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या वर; आणि तरीही एप्रिल-मे उजाडला की कित्येक वाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन उतरणीला लागतात. जांभ्या दगडाची आमची जमीन पाणी पिते, पण धरून ठेवत नाही. तेव्हा आमच्या फर्मचे निम्मे काम घरांचे नकाशे काढण्याचे, आणि निम्मे कुठल्या झऱ्याचे पाणी कुठल्या वाडीवर नेता येईल ते मोजण्याचे.

आमच्या कचेरीत ‘स्टाफ’ दोन प्रकारचा. एक आम्ही माणसे, आणि दुसरा तो चार मीटर लांबीचा आकडे रंगवलेला दांडा, जो एकाने उभा धरायचा आणि दुसऱ्याने दुर्बिणीतून वाचायचा. पैकी दुसऱ्या स्टाफची कधीही तक्रार नसते. पहिल्या स्टाफमध्ये मोठे साहेब आहेत. त्यांचा चष्मा नाकाच्या टोकावर आला की समोरच्याचे एस्टिमेट वीस टक्क्यांनी खाली येते. नकाशे काढणारे गृहस्थ आहेत. साऱ्या तालुक्याच्या घरांची नोंद त्यांच्या काँप्युटरात असल्यामुळे त्यांचे नाव ‘चित्रगुप्त’. दुसरा स्टाफ धरणारे बाबा आहेत. शाळा चौथीपर्यंत, पण डोंगराची एकेक घळ तोंडपाठ. आणि मी. मला सगळे वहिनी म्हणतात, साहेबसुद्धा. त्यामुळे पगाराच्या दिवशी कोणाला भांडता येत नाही.

दुपारी एक वाजता नकाशे गुंडाळले जातात आणि त्याच टेबलावर डबे उघडतात. तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, फणसाची भाजी. कोणाच्या डब्यात काय, यावरून सात-बाराच्या उताऱ्यावरून होणार नाहीत एवढे वाद होतात. चित्रगुप्तांनी एकदा नाक्यावरच्या बटाटेवड्याचा व्यास पट्टीने मोजला आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंत तो कसा पाच मिलिमीटरने आक्रसला याचा रीतसर आलेख काढून हॉटेलवाल्याला भेट दिला. हॉटेलवाला खमका. त्याने तो फ्रेम करून गल्ल्यामागे लावला आणि खाली लिहिले, ‘शहाण्यांची मोजमापे येथे उधार घेतली जाणार नाहीत.’

अशा या मंडळींत आठ-दहा वर्षांपूर्वी एक नवा मुलगा दाखल झाला. सोलापूरकडचा, नुकताच पास झालेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो एक छोटी घडीची छत्री घेऊन आला. बाबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि गंभीरपणे विचारले, “ही तुमची, का पोराची?” तिसऱ्या दिवशी वाऱ्याने ती छत्री नेली ती नेलीच. मुलगा कष्टाळू होता, पण फार ताठ. कोणी थट्टा केली की कान लाल व्हायचे, आणि त्या दिवशी डबा एकट्याने खायचा. आमच्याकडचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि वारा लागून हळूहळू टणक होतो. हा मुलगा उलटा. टणक होऊनच आला होता, त्याला मऊ करायचे होते.

ते काम एका आकड्याने केले. मी तेथे नव्हते. पण ती हकीकत डब्याच्या वेळी इतक्यांदा ऐकली आहे की आता मी होतेच असे मला वाटते.

एका वाडीवर झऱ्याचे पाणी न्यायचे होते. पंप नाही, वीज नाही. पाण्याने आपल्या वजनाने उतरत जायचे. मध्ये एक खिंड होती, आणि सारे तिच्या उंचीवर अवलंबून. मुलाने दिवसभर मोजणी केली, संध्याकाळी वहीत बेरजा घातल्या, पडताळा जुळला. स्वारी खूश. साहेब दुसऱ्या दिवशी जागेवर आले, वही पाहिली, मान डोलावली. पाइपची मागणी नोंदवायची तेवढी बाकी राहिली.

तेव्हा बाबा दांड्याला टेकून म्हणाले, “सायेब, पानी काय हिकडं चडायचा नाय.”

मुलाचे कान लाल झाले. “बाबा, वही जुळली आहे.”

“वही जुळली आसंल. पावसात हितला पानी त्या झऱ्याकडं धावतो. खिंड वर हाय, झरा खाली.”

आता येथे वाचकांना एक बारकी गोष्ट सांगायला हवी. त्या दांड्यावर मीटरचे आकडे लाल असतात आणि मधल्या भागांचे काळे. दुर्बीण जवळ असली, किंवा मध्ये झुडूप आले, की फक्त काळा आकडा दिसतो. लाल आकडा नजरेबाहेर राहतो. अशा वेळी ओरडायचे, “लाल दाखवा!” मग दांडा धरणारा तो सावकाश वर उचलतो आणि खालचा लाल आकडा भिंगात येतो. आदल्या दिवशी खिंडीत करवंदीची जाळी आडवी होती. मुलाने काळा आकडा वाचला, लाल मनाने घातला. आणि मधल्या जागेचे वाचन चुकले तर बेरजेचा पडताळा ते पकडत नाही. वही हसतमुखाने जुळते.

साहेब स्वतः दुर्बिणीपाशी बसले. म्हणाले, “लाल दाखवा.” बाबांनी दांडा वर उचलला. उचलला, उचलला, तरी लाल आकडा काही येईना; शेवटी भिंगात दांड्याचे बूड आले! एक मीटर चौसष्ट नव्हतेच ते, नुसते चौसष्ट सेंटिमीटर होते. वहीत खिंड एका मीटरने खाली उतरून बसली होती. पाइप तसाच टाकला असता तर सरकारी पैसा मातीत गेला असता आणि वाडीवरच्या बायका पुन्हा हंडे घेऊन निघाल्या असत्या.

मुलगा पांढराफटक पडला. साहेबांनी चष्मा पुसला आणि एवढेच म्हणाले, “एका मीटरने डोंगर खाली आणणारा माणूस आपल्याकडे हवाच. घाटरस्त्याच्या कामाला उपयोगी पडेल.” आधी बाबा हसले, मग चित्रगुप्त, आणि सर्वांत शेवटी, नाइलाजाने, तो मुलगा. पाइप डोंगराच्या कुशीने वळवून नेला. लांबी वाढली, पण पाणी आले.

त्या दिवसापासून ‘लाल दाखवा’ हा आमच्या कचेरीचा मंत्र झाला. मी चहाचे बिल वाचले की कोणीतरी म्हणणार, “वहिनी, लाल दाखवा.” साहेब म्हणाले, ‘काम पंधरा दिवसांत होईल,’ की तो मुलगाच आता न घाबरता म्हणायचा, “साहेब, लाल दाखवा.” आणि साहेब मुकाट्याने महिना म्हणत. एरवी वरिष्ठाला ‘आपले चुकते आहे’ असे सांगायचे म्हणजे केवढी भाषा जमवावी लागते! येथे दोन शब्दांत काम होते, आणि कोणाचा मान जात नाही, कारण सगळेच हसत असतात.

पण या थट्टेची खरी किंमत मला कळली ती २०२० साली. टाळेबंदीचे दिवस होते, आणि त्यात ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांचे त्याने काय केले ते ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली, काही वाड्यांत तर कित्येक आठवडे वीज नव्हती. आमच्या कचेरीचेही पत्रे गेले. भिजलेले नकाशे आम्ही दोरीवर कुरडयांसारखे वाळत घातले होते.

चौथ्या दिवशी बाबा आले. रस्त्यांवर झाडे पडलेली, म्हणून चालत. आल्या आल्या दांडा पुसायला घेतला. साहेबांनी विचारले, “बाबा, घरचं कसं आहे?”

“बरा हाय. दोन-चार कौलं सरकली.”

साहेबांनी मान हलवली. मीही हलवली. आणि कोपऱ्यातून तो सोलापूरचा मुलगा हळूच म्हणाला, “बाबा, लाल दाखवा.”

कोणी हसले नाही. बाबांचा हात थांबला. बराच वेळ ते दांड्याकडेच पाहत राहिले. मग म्हणाले, “आढा मोडला. छप्पर नाय ऱ्हायला. म्हातारी गोठ्यात निजते.”

दुसऱ्या दिवशी तोंडाला फडकी बांधून आम्ही सगळे बाबांच्या घरी गेलो. वासे आले, रिपा आल्या, शाबूत कौले निवडून झाली. तिथे मात्र इंजिनीअर मंडळींची फजिती पाहण्यासारखी होती. चित्रगुप्तांनी आधी नकाशा काढायला घेतला. बाबांनी तो चुलीला दिला. मुलगा वाऱ्याच्या दाबाचे गणित करू लागला. त्याच्या हाती बाबांनी सुंभाची गुंडी ठेवली. साहेब शिडीवर चढले, खांब हाताने चाचपला आणि म्हणाले, “ओळंब्यात आहे.”

खालून बाबांचा आवाज आला, “सायेब, लाल दाखवा!”

ओळंबा सोडला. खांब चांगला दोन बोटे कलता निघाला. शिडीवर साहेब, खाली आम्ही, आणि वर उघडे आभाळ. सगळे हसत सुटलो. गोठ्याच्या दारातून बाबांची म्हातारीही हसत होती. वादळानंतर ती पहिल्यांदाच हसली, असे बाबा मागाहून म्हणाले. पहिला मोठा पाऊस पडायच्या आत छप्पर झाकले गेले.

इमारतीला जेवढे वजन पेलायचे त्याहून जास्त ताकद तिच्यात मुद्दाम ठेवतात, असे साहेब सांगतात. माणसांच्या इमारतीत ती जादा ताकद कोठे ठेवतात, असे मला कोणी विचारले तर मी डब्याच्या टेबलाकडे बोट दाखवीन. रोज क्षुल्लक गोष्टींवर एकमेकांना चिडवणाऱ्यांनाच अवघड दिवशी खरे विचारण्याचा अधिकार पोचतो.

तो मुलगा पुढे पुण्याला मोठ्या पगारावर गेला. जावे त्याने, वय होते त्याचे. गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला. मोठी इमारत, थंड हवेची खोली, सगळे उत्तम चालले आहे, म्हणाला. मी फोन बाबांच्या हाती दिला. बाबांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच वाक्य बोलले.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग मुलगा म्हणाला, “डबा एकट्यानेच खातो, बाबा.”

बाबांनी फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाले, “वहिनी, चकल्या जरा जास्त तळा. चार मानसांना पुरतील येवढ्या धाडा. मानसं तो जमवील.”