मंगळाची पत्रिका

नवग्रहांपैकी मराठी मध्यम वर्गाच्या घरात खरी ऊठबस दोघांचीच. शनी साडेसातीच्या निमित्ताने येतो आणि मुदत भरली म्हणजे निघून जातो. मंगळाचे तसे नाही. तो मुलीच्या जन्माबरोबर घरात शिरून कोठेतरी कोपऱ्यात गप्प बसलेला असतो, आणि मुलगी उपवर झाली की एकाएकी पुढे येतो. लग्नकुंडलीच्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी तो सापडला, म्हणजे मुलगी 'मंगळाची' ठरली. तिचे पाणिग्रहण करणाराच्या आयुष्याची मग कोणी हमी घेत नाही. बारा स्थानांपैकी पाच एकाच ग्रहाच्या स्वाधीन केल्यावर दर बारा मुलींत सुमारे पाच मुली या आरोपात सापडावयाच्या, हा त्रैराशिकाचा हिशेब करण्यास ज्योतिष येण्याची गरज नाही. इतक्या मुली अविवाहित ठेवणे समाजास परवडणारे नाही, म्हणूनच 'सौम्य मंगळ' नावाची पळवाट निघाली असावी असा आमचा तर्क आहे. हाच नियम मुलांसही लागू आहे असे जाणते सांगतात. परंतु मुलाच्या मंगळाने कोणाच्या बापाची झोप उडालेली आम्ही तरी पाहिली नाही.

हा झाला आमच्या घरातला मंगळ. दुसरा मंगळ आकाशात आहे. हा मंगळ जीव घेतो याविषयी आमच्याकडे शतकानुशतके कोणास संशय नाही, आणि तेथे जीव आहे किंवा होता काय, एवढ्याच प्रश्नापाशी जगातले शास्त्रज्ञ दीडशे वर्षे थबकलेले आहेत. या दोन मंगळांची आमच्या मनात गाठ पडली ती लोणी भापकर येथे.

मोरगावच्या गणपतीस जाणाऱ्या वाचकांनी थोडी वाट वाकडी केली तर हे गाव पाहावयास मिळते. बारामती तालुक्याचा हा जिरायती भाग. बारामती म्हटले की उसाचे मळे डोळ्यांपुढे येतात. पण ते वैभव नीरेच्या डाव्या कालव्याच्या काठचे. कालव्याच्या वरच्या अंगास असलेल्या या गावांनी आकाशाकडे पाहूनच दिवस काढले आहेत. तरीही गावात जुनी देवळे आहेत, रेखीव पुष्करणी आहे, आणि यज्ञवराहाची एक दगडी मूर्ती आहे. मनुष्यदेहाचा वराह आपण इतरत्र पाहतो. हा मात्र चार पायांवर उभा असलेला साक्षात वराह, आणि त्याच्या अंगावरील झुलीवर विष्णूच्या लहान लहान मूर्ती ओळींनी कोरलेल्या. वराहाने पृथ्वीला रसातळातून वर काढले ही कथा सर्वांस ठाऊक आहे. पुढे त्या दोघांस पुत्र झाला आणि तोच मंगळ, हे ब्रह्मवैवर्त पुराणातले उपाख्यान मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्यास भौम म्हणतात, कुज म्हणतात, ते यामुळेच. म्हणजे ज्याला आपण मुलींच्या संसारावरचे संकट समजतो तो नात्याने पृथ्वीचा मुलगा! पुराणकारांनी हे नाते कशावरून जोडले ते असो, पण दगडाच्या दृष्टीने ते अगदीच चुकलेले नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा जो काळा बेसाल्ट दख्खनभर पसरला आहे, त्याच जातीच्या खडकाने मंगळाचे बरेचसे कवच बनलेले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर अशाच बेसाल्टात अशनिपाताने झाले. असे विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ, आणि मंगळावर पावलोपावली. मंगळाचा अभ्यास करणारे लोणारास येतात ते तेथील दैत्यसूदनाच्या दर्शनाकरिता नव्हे.

लोणी भापकरच्या माळावर उभे राहिले म्हणजे आणखी एक योगायोग आठवतो. सन १८७७ साली मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता. त्या वर्षी मिलान येथील वेधशाळेत स्कियापारेली या इटालियन ज्योतिर्विदाने त्या ग्रहाचा नकाशा काढला आणि त्यावर दिसलेल्या रेषांस 'कॅनाली' असे नाव दिले. त्या शब्दाचा अर्थ निसर्गतः झालेले पाट असाही होतो. इंग्रजीत जाताना त्याचे 'कालवे' झाले, आणि कालवा म्हटला की तो खणणारा कोणीतरी आलाच. अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल या धनिक गृहस्थाने १८९४ साली यासाठी स्वतःची वेधशाळा उभारली आणि कल्पनेचे सबंध नगर वसविले: मंगळ वाळत चालला आहे, तेथील शहाणे प्राणी ध्रुवांवरच्या बर्फाचे पाणी हजारो मैल कालव्यांनी आणून शेते जगवीत आहेत. स्कियापारेली ते पाट रेखाटीत होता त्याच वर्षी आमच्या दख्खनेत १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ चालू होता, आणि माणसे अन्नपाण्यावाचून देशोधडीस लागली होती. भाटघरचे धरण आणि नीरेचा कालवा ही त्यानंतरच्या वर्षांत पुरी झालेली कामे. लॉवेलचे म्हणणे वाचून आम्हांस हसू येत नाही. तहानलेल्या जगाने कालवा खणावा यात अशक्य असे काय होते? फक्त कालवे तेथे नव्हते. अंतोनियादीने १९०९ साली पॅरिसजवळच्या मोठ्या दुर्बिणीतून पाहिले तेव्हा त्या सरळ रेषांचे तुकडे तुकडे ठिपके झाले. आणि १९६५ साली मरिनर ४ या यानाने जवळून छायाचित्रे पाठविली त्यांत विवरे दिसली, ओसाड जमीन दिसली, पाट एकही दिसला नाही. दूरच्या अंधुक ठिपक्यांस मनाने जोडून रेषा काढावयाची सवय मानवी डोळ्यास आहे. कुंडलीच्या बारा घरांतही तोच व्यवसाय चालतो, पण तेथे जवळ जाऊन छायाचित्र घेणारे यान पाठविता येत नाही.

आता आमच्या घरची गोष्ट सांगावयास हवी. आमची एक चुलत बहीण आहे. आम्ही तिला ताई म्हणतो. १९७६ साली ती रसायनशास्त्राची पदवी घेऊन घरी बसली होती आणि तिच्या पत्रिकेत मंगळ होता. त्या पावसाळ्यात तीन घरांतून पत्रिका परत आली. काकांनी एका ज्योतिषीबुवांचा सल्ला घेतला. त्यांनी कुंभविवाहाचा तोडगा सांगितला: आधी मुलीचे लग्न मडक्याशी लावावे, मंगळाचा कोप मडक्यावर जाईल, मग खुशाल वर पाहावा. काकू रडत होत्या. ताई मात्र वर्तमानपत्रात डोके घालून बसली होती. कारण २० जुलैस व्हायकिंग १ हे यान मंगळावर उतरले होते आणि तेथील मातीत जीव आहे की नाही याचा प्रयोग व्हावयाचा होता.

तो प्रयोग ताईने आम्हांस पुढे इतक्या वेळा समजावून सांगितला आहे की तो आमच्या पाठ झाला. गिल्बर्ट लेव्हिन याच्या योजनेप्रमाणे चिमूटभर मातीवर अन्नरसाचे थेंब टाकले. त्या अन्नातला कार्बन किरणोत्सर्गी होता. मातीत सूक्ष्मजंतू असतील तर ते अन्न खातील आणि तो कार्बन वायुरूपाने बाहेर टाकतील. वायू निघाला! मग दुसरी चिमूट आधी १६० अंशांपर्यंत तापवून तोच प्रयोग केला. जंतू असते तर ते त्या उष्णतेने मेले असते. आणि खरोखरच या वेळी काही निघाले नाही. दुसरे कोणी असते तर येथेच पेढे वाटले असते. परंतु त्याच यानावरील दुसऱ्या यंत्रास मातीत सजीवांच्या शरीरास लागणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांचा मागमूस लागला नाही. तेव्हा बहुतेकांनी असा निर्णय केला की हा खेळ मातीतल्या तीव्र रसायनांचा असावा. २००८ साली फिनिक्स यानास तेथील मातीत परक्लोरेट नावाची क्षारजाती सापडली. ती तापविली असता सेंद्रिय द्रव्ये जाळून टाकते. त्यामुळे व्हायकिंगच्या दुसऱ्या यंत्राची साक्षही थोडी लंगडी पडली. लेव्हिन २०२१ साली वारला तो आपण जीव पाहिला असेच म्हणत. खटला अद्याप मिटलेला नाही.

दुसरी चिमूट तापवून पाहण्याची ही युक्ती ताईस फार आवडली. कुंभविवाहाची चर्चा पुन्हा निघाली तेव्हा ती काकांस म्हणाली, "बाबा, माझी हरकत नाही. पण मडकी दोन आणा. एकाशी माझं लग्न लावा, दुसरं बिनलग्नाचं फळीवर ठेवा. कोणतं आधी फुटतं ते पाहू." काका त्यावर इतके रागावले की दोन दिवस बोलले नाहीत, पण मडके काही आले नाही. पुढे ताईने बारामती तालुक्याच्या याच जिरायती पट्ट्यात शिक्षिकेची नोकरी धरली, १९७९ साली पत्रिका न पाहणाऱ्या एका घरात तिचे लग्न झाले, आणि निवृत्तीनंतरही ती तेथेच राहिली. तिचे यजमान आज ऐंशीच्या घरात आहेत आणि साखरेचे पथ्य सोडले तर ठणठणीत आहेत. एकदा आम्ही मोठ्या विजयाने म्हणालो की मंगळाचे खंडन करण्यास हे एवढे उदाहरण पुरे. ताईने आम्हांस तेथेच अडविले. "अरे, एका नवऱ्यावरून काय सिद्ध होतं? उद्या यांना ठेच लागली तर ज्योतिषीबुवाही तेच म्हणतील. मोजायचं तर शेकड्यांनी मोजायला हवं."

शेकड्यांनी मोजण्याचे काम जयंत नारळीकरांनी केले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दोनशे मुलांच्या जन्मवेळा जमविल्या. शंभर मुले हुशार विद्यार्थी, शंभर मतिमंद. कोणती कुंडली कोणाची एवढेच ज्योतिष्यांनी ओळखावयाचे होते. सत्तावीस ज्योतिषी पुढे आले. त्यांची उत्तरे सरासरीने शेकडा ४६ बरोबर आली. नाणे उडविले असते तर पन्नास आली असती.

त्याच नारळीकरांचा दुसरा प्रयोग आम्हांस याहून मोलाचा वाटतो, कारण तेथे कसोटी त्यांच्या स्वतःच्या आवडीच्या कल्पनेची होती. पृथ्वीवर जीवांचे बीज अंतराळातून आले असावे हे मत त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी हिरिरीने मांडले होते. इस्रोच्या साहाय्याने हैदराबादेहून बलून सोडून वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरील हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली गेली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात तिची तपासणी झाली. आणि पूर्वी कोणास ठाऊक नसलेल्या तीन जातींचे जंतू मिळाल्याचे २००९ साली जाहीर झाले. एका जातीस हॉईलचे नाव देण्यात आले. गुरूचे मत सिद्ध झाले असे म्हणून टाकण्यास याहून चांगली संधी कोणती? पण हे जंतू पृथ्वीबाहेरचेच आहेत असे यावरून ठरत नाही, असे त्याच वेळी सांगण्यात आले. नारळीकर मे २०२५ मध्ये निवर्तले.

मंगळ आपल्या देशात एकदा स्वतः येऊनही गेला आहे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारात गयेजवळ शेरघाटी येथे आकाशातून एक दगड पडला. त्या जातीच्या दुसऱ्या एका दगडात कोंडलेली हवा व्हायकिंगने मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळली, तेव्हा हे मंगळाचेच तुकडे असे शंभराहून अधिक वर्षांनी समजले. पुढे २०१४ साली आपले यान परतभेटीस गेले. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघून २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाच्या कक्षेत शिरले. सहा महिन्यांच्या कामगिरीवर गेलेले, पण २०२२ पर्यंत टिकले. मिथेन वायू हुंगण्याचे एक यंत्र त्यावर होते, कारण पृथ्वीवरचा बराचसा मिथेन सजीवांपासून निघतो. त्या यंत्राच्या घडणीत उणीव निघाल्याने तो प्रश्न मात्र सुटला नाही.

सध्या अधिक चर्चा आहे ती पर्सिव्हरन्स या गाडीने जुलै २०२४ मध्ये जेझेरो विवरातील एका कोरड्या नदीपात्रात पाहिलेल्या खडकाची. त्यावर चित्त्याच्या अंगावरच्यासारखे ठिपके आहेत. असे ठिपके पृथ्वीवर बहुधा जंतूंच्या उद्योगाने पडतात. क्वचित जंतूंवाचूनही पडतात. वर्षभर कसून परीक्षण झाल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी 'संभाव्य खूण' एवढाच शब्द वापरला. त्या खडकाचा तुकडा एका नळीत बंद करून ठेवला आहे. तो पृथ्वीवर आणण्याची योजना खर्चाच्या वादात अडकली.

ताईच्या नातीसाठी अलीकडे स्थळे पाहणे चालू आहे. एका विवाहमंडळाच्या अर्जावर रकाना होता: 'मंगळ: आहे, नाही, सौम्य'. मुलीने तिन्ही खोडून पुढे लिहिले, 'संशोधन चालू आहे'. तिच्या आईने कपाळाला हात लावला. ताईने अर्ज वाचला, चश्मा पुसला, आणि तो आहे तसाच पाठविण्यास सांगितले. त्या मंडळाकडून अद्याप उत्तर नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मंगळ पुन्हा पृथ्वीच्या समीप आला होता. आम्ही त्या वेळी लोणी भापकरास ताईकडे होतो. संध्याकाळी गावातली दहापंधरा मुले तिच्या अंगणात जमली. पूर्वेस पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ तांबडा मंगळ स्पष्ट दिसत होता. ताईने मुलांस वराहाची कथा सांगितली, लॉवेलच्या कालव्यांची सांगितली, आणि फिनिक्सने मातीचा थर थोडा खरवडताच खाली पांढरे बर्फ कसे लागले तेही सांगितले. एक मुलगा बराच वेळ गप्प होता. तो म्हणाला, "बाई, बर्फ ऱ्हाऊ द्या. पाणी किती फुटावर हाय?"

ताई म्हणाली की मंगळावरच्या भूकंपांच्या नोंदींवरून काहींनी २०२४ साली अनुमान केले आहे. साडेअकरा ते वीस किलोमीटर खोल खडकांच्या भेगांत पाणी असावे, पण कोणी ते पाहिलेले नाही. मुलाने बोटांवर हिशेब मांडला. सदतीस हजार फुटांच्या पुढे गेल्यावर त्याने तो सोडून दिला.

"एवढ्या खोल बोअरची गाडीच जात न्हाई," तो म्हणाला, आणि पुन्हा वर पाहू लागला.