जोरपोखरीचा पुच्छधारी रहिवासी

घूमचे स्थानक मागे टाकून सुखियापोखरीकडे निघालेला रस्ता ज्या डोंगरकण्यावरून जातो, त्याच्या दोन्ही अंगांना धुपीची उंच, काळसर बने उभी आहेत. इंग्रजी अमदानीत जपानातून आणून लाविलेला हा वृक्ष आता दार्जिलिंगच्या मुलखात मूळचाच वाटावा इतका रुळला आहे. परंतु लेपचाजगतच्या आसपास जुन्या ओकांचे रान जिथे शिल्लक आहे, तिथे पायांखालची भूमी एकदम मऊ होते, शेवाळाने लगडलेल्या खोडांवरून पाणी अखंड पाझरत राहते, आणि ज्या प्राण्याच्या दर्शनासाठी आपण एवढ्या दूर आलो त्याचे या ओल्या पाचोळ्याशी काय नाते असेल, हे कोणी न सांगताही उमगू लागते.

आषाढाचे दिवस होते. सह्याद्रीच्या पावसात वाढलेल्या माणसाला बेडकांचे अप्रूप नसते, आणि आमच्याकडच्या मातीतले देवगांडूळही मी पाहिलेले होते. परंतु उभयचरांची जी तिसरी, पुच्छधारी शाखा, तिचा एकही वंशज आमच्या डोंगरांत नांदत नाही. हिंदुस्थानात सॅलमँडर पाहावयाचा तर पूर्व हिमालय आणि ईशान्येकडील डोंगर यांखेरीज दुसरा इलाखा नाही.

जोरपोखरी म्हणजे सुमारे 7,400 फुटांवरची जोडतळी. 1985 साली या जागेला अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे सारे क्षेत्रफळ 0.04 चौरस किलोमीटर, म्हणजे अवघे चार हेक्टर. पर्यटकांच्या सोयीसाठी तळ्याचा काठ बांधून काढलेला आहे, आणि पाण्यात फणा उभारलेला सिमेंटचा नाग आहे. मला मात्र वाटाड्या म्हणून सोबत आलेल्या वृद्ध दाजूंनी तिकडे थांबू दिले नाही. चिखल आणि लव्हाळी यांनी व्यापलेल्या कडेपाशी त्यांनी मला बसविले आणि पाण्याला हात लावू नका, एवढी एकच ताकीद दिली.

बराच वेळ काही दिसले नाही. मग गढूळ उथळ पाण्यात, एका बुडालेल्या काटकीशेजारी जे दुसरे लाकूडच वाटत होते, त्याने सावकाश एक पाय उचलला. वीतभराहून थोडा आखूड, काळपट तपकिरी देह. रुंद, चपट्या मस्तकाच्या कडांनी उंचावलेले हाडांचे कंगोरे. पाठीच्या मध्यावरून गेलेला कणा, आणि दोन्ही कुशींवर ओळीने बसविलेल्या गोलसर गाठी, जणू खडबडीत कातडीवर कोणी मण्यांच्या दोन माळा शिवून टाकल्या असाव्यात. शेपूट दोन्ही बाजूंनी दबलेली, वल्हवण्याजोगी. पृष्ठभागाशी येऊन त्याने श्वास घेतला, आणि किंचितही घाई न करता तो लव्हाळ्यांत दिसेनासा झाला. दाजू हळूच म्हणाले, ‘पानीकुकुर’. त्यांच्या स्वरात घरच्या माणसाविषयी बोलावे तशी माया होती.

शास्त्राच्या दप्तरी या प्राण्याची नोंद फार काळ दुसऱ्याच नावाने होती. जॉन अँडरसन यांनी 1871 साली चीनच्या युन्नान प्रांतातील ज्या जातीचे वर्णन केले, तीच दार्जिलिंगचीही, असा समज चालत आला. 2015 साली नेपाळच्या इलाम जिल्ह्यातील माईपोखरीच्या नमुन्यांवरून ‘टायलोटोट्रायटन हिमालयानस’ ही स्वतंत्र जाती ठरविण्यात आली, आणि इकडचे हे रहिवासीही तिच्यात गणले गेले. 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण मात्र त्यांना पूर्वीपासूनच आहे.

परंतु कायद्याने जे राखले जाते आणि या जीवाला जे लागते, त्यांत मला मोठे अंतर दिसले. पाऊस सुरू झाला की तो पाण्यात उतरतो, मादी पाणवनस्पतींना एकेक अंडे चिकटवीत जाते, पिसांसारखे बाह्यकल्ले असलेली पिले त्या झुडपांतच वाढतात. आणि पावसाळा सरला की प्रौढ जीव तळे सोडून उतारावर चढतात व थंडीचे महिने दगडांखाली, कुजलेल्या ओंडक्यांखाली निपचित काढतात. म्हणजे अर्धे वर्ष त्याचे घर तळ्याबाहेरच असते. पाण्याभोवती उभी भिंत घातली, अंडी-पिले फस्त करणारे शोभेचे मासे सोडले, उतारावरचा पाचोळा झाडून काढला, तर तळे कितीही निळे दिसो, त्याला ते काय कामाचे? दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालयाने या जातीच्या प्रजननाचा प्रयत्न चालविला आहे, तो स्तुत्यच आहे. पण तिथे वाढलेली पिले सोडावयाची कुठे, हा प्रश्न या काठावरच सुटावयाचा आहे.

परतताना दाजूंनी मला मुद्दाम वरच्या अंगाने नेले. रस्त्याच्या पलीकडे एक ओंडका कुजत पडला होता. तो चुलीसाठी उचलू नका, असे त्यांनी शेजारच्या चार घरांना सांगून ठेवले होते. आश्विनात इथे येणारे जीव अंधारात रस्ता ओलांडतात आणि मोटारींखाली सापडतात, असेही ते म्हणाले. त्या दिवसांत संध्याकाळनंतर एवढा एक फर्लांग वाहने थांबवावीत, यासाठी त्यांनी अर्ज लिहवून घेतला होता. तो मी वाचला, दोन ठिकाणी दुरुस्त केला, आणि साक्षीदार म्हणून त्याखाली माझीही सही केली.