कॅस्केडची टपालवाली

ग्रेट फॉल्सहून हेलेनाला जाताना मी लेकीला हायवे सोडून कॅस्केडकडे वळायला लावलं. "आई, एका थडग्यासाठी?" तिनं विचारलं. हो, एका थडग्यासाठी. एकतीस वर्षं पोस्टात थैल्यांना सील ठोकण्यात गेली. मोंटानापर्यंत येऊन हे न बघता कशी परतणार?

दफनभूमी गावाबाहेर. थडगं चटकन सापडेना, कारण माझ्या डोक्यात एखादा पुतळा होता. निघाला लहानसा दगड : मेरी फील्ड्स, १८३२–१९१४. त्यातलं पहिलं साल अंदाजाचं. टेनेसीत गुलामीत जन्मलेल्या पोरीची जन्मनोंद कोण ठेवणार?

लेक फोनवरून वाचून दाखवू लागली. बंदूक, सिगार, गुत्त्यात पुरुषांच्या बरोबरीनं दारू. लोक तिला 'स्टेजकोच मेरी' म्हणतात. खरं तर तिची साधी घोडागाडी होती. बंदुकीच्या गोष्टी सगळ्यांना आवडतात. मला तिच्या टपालाच्या ठेक्याची गोष्ट जास्त आवडते.

ती टपाल नेई तो मार्ग 'स्टार रूट' म्हणजे ठेक्याचा. १८४५च्या कायद्यानं सांगितलं होतं, टपाल त्वरेनं, खात्रीनं आणि सुरक्षित पोचवील अशा सर्वांत कमी बोलीवाल्याला काम द्या. हे तीन शब्द नोंदवहीत पुन्हा पुन्हा लिहून कंटाळलेल्या कारकुनांनी त्यांच्या जागी तीन तारका काढायला सुरुवात केली, म्हणून स्टार रूट. (त्या कारकुनांना मी चांगलीच ओळखते!) घोडे ठेकेदाराचे, गाडी ठेकेदाराची, आणि तो खात्याचा नोकर नाही. आमच्या पोस्टातले ई.डी., म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, मेल कॅरियर आठवले. उन्हापावसात थैली वाहायची, पण पक्क्या नोकरीत गणती नाही.

मेरीला हा ठेका १८९५ साली मिळाला. वय साठीच्या पुढे. अमेरिकेत स्टार रूटचं टपाल नेणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. बर्फात घोडे अडले की पायात बर्फावर चालायचे जोडे चढवून थैली खांद्यावर घ्यायची आणि पायी निघायचं. असं आठ वर्षं, १९०३ पर्यंत.

आणि मार्ग कुठला? कॅस्केड ते सेंट पीटर्स मिशन. याच मिशनमध्ये ती १८८५ साली आली होती, आजारी पडलेल्या तिथल्या प्रमुख नन मदर अमेडियस यांची शुश्रूषा करायला. बरं करून ती तिथंच राहिली. धुणं, बाग, कोंबड्या, गाडी हाकणं, सगळं अंगावर घेतलं. पुढे एका गड्याशी भांडण बंदुकांपर्यंत गेलं आणि बिशपनं तिला मिशनमधून काढलं. ज्या दारातून घालवून दिलं, त्याच दाराशी ती वर्षभरात सरकारी थैली घेऊन हजर झाली. आता तिला अडवणार कोण? टपाल होतं!

हे ऐकून लेक पहिल्यांदा हसली. म्हणाली, "मग त्या रस्त्यानं थोडं जाऊन येऊ."

डांबर संपलं, खडी लागली. फोनची रेंज गेली. दोन्ही बाजूंना नुसतं गवत आणि कुंपणाची तार. एका वळणावर खांबांवर पत्र्याच्या टपालपेट्या ओळीनं उभ्या होत्या. त्यातल्या एकीचं लाल निशाण वर केलेलं. म्हणजे आत पाठवायचं पत्र होतं, आणि टपालगाडी अजून यायची होती.