वाटीभर हळद

आबांनी १९७८ साली जुनी घेतलेली मॅसी फर्ग्युसन ३५ आमच्या वाळवा तालुक्यातल्या शेडमध्ये चार वर्षं उभी होती. आबा गेल्यापासून. धाकट्यानं तिचा भंगाराचा सौदा ठरवला, तेव्हा मी बेंगळुरूहून आठ दिवसांची रजा काढून आलो. तिचं दुखणं मला ठाऊक होतं. तापते. आबा फोनवर सांगायचे आणि मी "येतो की" म्हणायचो.

मिस्त्री म्हणाले, आधी वॉटर पंप उतरवू. एक स्टड ब्लॉकमध्येच तुटला. गॅसनं शेकून, उरलेल्या बुंध्यावर नट वेल्ड करून तो बाहेर काढण्यात दोन दिवस गेले. नवा पंप बसवला आणि अर्ध्या तासात पाणी पुन्हा उकळलं. रेडिएटरवरून हात फिरवला तर कडेला चटका बसत होता, मधला पट्टा मात्र गार. तिथल्या नळ्यांतून पाणी फिरतच नव्हतं.

मग रेडिएटर उतरवला, वरची पितळी टाकी उघडली. आमच्या बोअरचं पाणी असं, की चहाच्या पातेल्यालाही पांढरा थर धरतो. तो इथंही असणार हे गृहीतच होतं. पण सोबत पिवळट-तपकिरी, लापशीसारखा गाळ निघाला. मिस्त्रींनी तो चिमटीत चोळला आणि हसले.

"हळद हाय, दादा."

रेडिएटर ठिबकायला लागला की हळद टाकायची. ती पाण्याबरोबर फिरत फटीत जाऊन बसते, ठिबक थांबते. ट्रकवाल्यांची जुनी युक्ती. पण फट कुठली आणि नळी कुठली, हे हळदीला कळत नाही. आणि सांगलीच्या पेठेजवळ राहणाऱ्याला हळदीचा कसला तोटा! आईला विचारलं.

"दर हंगामाला न्यायचे की वाटीभर. म्हणायचे, एवढ्यावर भागवू, थोरला आला की नीट करंल."

सळईनं नळ्या मोकळ्या केल्या, सोड्याच्या उकळत्या पाण्यानं धुतल्या, टाकी परत झाळली. पाणी भरलं आणि पाच ठिकाणांहून धारा लागल्या. भोकं जुनीच होती. गाळानं बुजवून ठेवली होती एवढंच. मिस्त्रींनी तीन नळ्या दोन्ही टोकांना कायमच्या बंद केल्या, बाकीची भोकं झाळली आणि हात पुसले. "नवा कोअर टाका, न्हाईतर नाद सोडा." कोअरचा भाव ऐकून धाकटा माझ्याकडं नुसतं बघत राहिला. त्याचंही चुकत नव्हतं. चार वर्षं शेत त्यानंच बघितलं होतं.

सातव्या दिवशी इंजिन वीस मिनिटं चाललं. उकळलं नाही. खालच्या शिवणीतून मात्र थेंब थेंब सुरू झालं. धाकटा पाठमोरा उभा राहून भंगारवाल्याशी फोनवर बोलत होता. आई शेडच्या दारात आली, हातात वाटी.

"देऊ का?"

"गार होऊ दे, आई. आत्ता झाकण उघडलं तर वाफ तोंडावर येईल," मी म्हणालो आणि वाटी घेतली.