एका खोलीसाठी मुलाखत

जर्मन भाषेत 'वोनगेमाइनशाफ्ट' असा एक लांबलचक शब्द आहे. मुलं त्याला नुसतं 'वेगे' म्हणतात. स्वयंपाकघर, न्हाणीघर सामाईक आणि प्रत्येकाला एकेक खोली. आमचे हे 1970 च्या सुमारास सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलेले, त्यामुळे त्यांना लगेच कळलं. फरक एवढाच, की तिथे आधीपासून राहणारी मुलंच नव्या माणसाची मुलाखत घेतात!

नात आखेनला शिकायला गेली आणि आमच्या घरात हा शब्द आला. तिथे 'श्टुडिरेंडनवेर्क' विद्यार्थ्यांची वसतिगृहं चालवतं. भाडं कमी, पण प्रतीक्षायादी मोठी. ऑक्टोबरमध्ये हिवाळी सत्र सुरू होतं आणि सगळेच एकदम खोल्या शोधू लागतात. मग भामट्यांचं फावतं. "मी परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली पोस्टाने येईल," असं एकाने हिलाही लिहिलं. हिने उत्तरच दिलं नाही. तिथला कायदा चांगला आहे. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी, तीही तीन हप्त्यांत देता येते. (आपल्याकडे असं कुणाला सांगून बघा.)

खरी अडचण वेगळीच. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा, आणि त्यासाठी घर देणाऱ्याची सही लागते. सही न देणारी खोली स्वस्त असली तरी काय कामाची? बँकेपासून व्हिसापर्यंत सगळं त्या कागदावर अडतं.

नऊ घरांतून हिला नकार आला. स्वयंपाकघरात बसवून चहा देतात, साफसफाईची पाळी पाळशील का विचारतात आणि दोन दिवसांनी "दुसरं कुणी निवडलं" असं कळवतात. परीक्षेत नापास झालं तर अभ्यास तरी करता येतो. इथे काय सुधारायचं? फोनवर तिचा आवाज बारीक होत चालला होता. शेवटी सहा महिन्यांसाठी बाहेरगावी गेलेल्या एका मुलाची खोली मिळाली, आणि तिथून पुढे आताचं घर.

घरात दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. ज्या नातेवाइकांनी आडून आडून विचारलं त्यांना सांगते, खोलीला कुलूप आहे आणि माझी झोप शाबूत आहे. भांडणं होतात ती फोडणीच्या वासावरून, नाहीतर कचऱ्यावरून. कागद, प्लास्टिक, ओला, सगळं वेगळं. थंडीतही रोज पाच मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, नाहीतर भिंतींना बुरशी. रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरटी एकच, ती चौघांत वाटून घेतात.

गेल्या महिन्यात त्यातला एक मुलगा घर सोडून गेला आणि खोली रिकामी झाली. आता मुलाखत घेणाऱ्यांत आमची नात. आलेल्यांत एक नाशिकची मुलगी होती. हिला ती हवी होती, पण दोघांचं मत दुसरीकडे पडलं. नकार कळवायचं काम हिच्याकडे आलं, "तुमची भाषा एकच आहे ना" म्हणून. मला फोन करून विचारत होती, "आजी, कसं सांगू?" मी म्हटलं, मेसेज नको, फोन कर.

तिने फोन केला. चाळीस मिनिटं बोलत होत्या. रविवारी ती मुलगी पोहे खायला आली होती. खोली अजून मिळालेली नाही.