शोमरोन्याचे दोन दिनार



दयाळू शोमरोन्याचा दाखला (लूक १०) आपल्याला पाठ आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना विचारतो, ‘त्याने त्या जखमी माणसासाठी काय काय केले?’ उत्तरे भराभर येतात: जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून नेले. पुढचे मात्र फार थोड्यांना आठवते. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असेही सांगितले. दिनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी. दाखला एवढा छोटा, तरी प्रभूने त्यात हा हिशेब ठेवला आहे.

या हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामातली काही कुटुंबे मिळून आम्ही मांडूला गेलो होतो. जहाज महाल पाहिला, रूपमतीचा मंडप पाहिला. मला जास्त भावली ती तिथली गोरखचिंचेची जाडजूड झाडे. ही झाडे मूळची आफ्रिकेतली. सुलतानांच्या काळात ती इथे आली, असे सांगतात. रस्त्याच्या कडेला भिल्ल बायका त्यांची फळे ‘मांडू की इमली’ म्हणून विकतात. अशाच एका मावशींशी बोलत बसलो. त्यांच्या सुनेचे बाळंतपण नुकतेच धारला झाले होते. गाडी सरकारी मिळाली, दवाखान्यात पैसे पडले नाहीत. तरी घरातली बकरी विकावी लागली. कशासाठी? तर सोबत गेलेल्यांचे जेवणखाण, चार दिवसांची बुडालेली मजुरी आणि घरी राहिलेल्या लेकरांची सोय. मावशींनी हे अगदी सहज सांगितले. तक्रारीचा सूर नव्हता.

बाळंतपण मोफत व्हावे म्हणून आपल्या देशात खरोखर काम झाले आहे. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. मध्य प्रदेशासारख्या राज्यांत दवाखान्यात बाळंत होणाऱ्या खेड्यातल्या आईला त्यातून १४०० रुपये ठरले. २०११ पासून सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, औषधे, आहार आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत झाली. तरीही २०१८-२० च्या सरकारी आकडेवारीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या, तर मध्य प्रदेशात १७३. नर्मदेच्या अलीकडे आणि पलीकडे आईच्या जिवाची शाश्वती इतकी वेगळी असावी, याने मन अस्वस्थ होते.

ज्या खंडातून ती झाडे आली, तिथेही हाच प्रश्न आहे. २००१ साली अबुजा शहरात आफ्रिकेच्या राष्ट्रप्रमुखांनी अंदाजपत्रकाचा किमान १५ टक्के भाग आरोग्यासाठी ठेवण्याचे वचन दिले. बहुतेक देशांना ते पाळता आलेले नाही. सिएरा लिओनने २०१० मध्ये गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता आणि पाच वर्षांखालील मुले यांच्यासाठी उपचार मोफत केले. त्याला परदेशी मदतीचा मोठा आधार होता. अशी मदत अचानक आटली की काय होते, ते २०२५ मध्ये दिसले. अमेरिकेने हात आखडता घेतला आणि कित्येक ठिकाणी दवाखाने बंद पडले, आरोग्यसेवकांची कामे गेली. तिथल्या अनेक देशांत चर्चचे दवाखाने खेडोपाडी सेवा देतात. आज त्या रुग्णालयांतल्या सिस्टर्स आणि डॉक्टर हे उतारशाळेच्या रक्षकाच्या जागी आहेत. जखमी माणूस दारात आहे आणि दोन दिनार संपले आहेत.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाला हे काम परके नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडच्या दुष्काळी मुलुखात काम सुरू केले. गावातल्याच, बहुतेक निरक्षर आणि पुष्कळदा दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या स्त्रिया सुरक्षित बाळंतपण, मुलांचा आहार, जुलाबावर घरी करायचे पाणी हे सारे शिकल्या आणि घरोघर शिकवू लागल्या. सगळा पैसा मोठ्या इमारतीत न घालता त्यांनी तो माणसांवर लावला. १९७९ मध्ये या दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे जगभरातून, आफ्रिकेतूनही, लोक जामखेडला शिकायला आले.

मग आपण काय करावे? उपवासकाळात आपण काही ना काही सोडतो. त्यातून वाचलेले पैसे पेटीत पडतात आणि पुनरुत्थानाच्या सणानंतर पेटी कपाटात जाते. शोमरोनी मात्र परत येईन म्हणाला होता. एखाद्या मिशन दवाखान्याशी वर्षभराचे नाते जोडता येईल. मातेबरोबर येणाऱ्या नातलगांच्या जेवणाचा खर्च एक धर्मग्राम सहज उचलू शकेल. त्याने एखाद्या घरची बकरी वाचेल. आणि मत मागायला येणाऱ्यांना आपल्या आरोग्य केंद्रात नर्स आहे का, औषधे आहेत का, हे विचारणे हीसुद्धा शेजारधर्माचीच गोष्ट आहे.

पवित्र मरिया डोंगराळ मुलूख ओलांडून अलीशिबेकडे गेली आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली. तीही भेट देऊन लगेच परतली नव्हती.

हे प्रभो, वाटेवर थांबण्याची बुद्धी तू आम्हांला दिलीस. आता दुसऱ्या दिवशीचा खर्च उचलण्याचे आणि पुन्हा परत येण्याचे मन दे. आमेन.