चित्रकथा, शाळेचें ग्रंथालय आणि खिशांतील पैसे

पालकसभेच्या दिवशीं ग्रंथालयाच्या दारांत आम्हांस दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पालक विचारतात, "आमचा मुलगा रात्रंदिवस तीं कॉमिक्स घेऊन बसतो, तुम्ही त्यास कांहीं सांगत कां नाहीं?" आणि पालकांची पाठ वळतांच मुलें विचारतात, "सर, शाळा कॉमिक्स कां घेत नाहीं?" आजवर हे दोन्ही प्रश्न तोंडीच राहत. यंदा मात्र आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांनीं रीतसर अर्जच दिला. ग्रंथालयाच्या खरेदीसाठीं जी रक्कम मंजूर होईल तींतील निम्मी चित्रकथांकडे लावावी, अशी त्यांची मागणी होती. अर्जाचें मराठी शुद्ध होतें, हें भाषाशिक्षक ह्या नात्यानें आम्हीं आधीं पाहून घेतलें.

ग्रंथालयाच्या तासास ह्या अर्जावर खुली चर्चा ठेविली. एका विद्यार्थ्यानें फळ्यावर हिशेब मांडला. जपानी चित्रकथांस ही मंडळी 'मांगा' म्हणतात. त्यांपैकीं 'वन पीस' नांवाची मालिका १९९७ सालीं सुरू झाली. तिचे शंभरांहून अधिक भाग निघाले आहेत. एका भागास ४०० रुपये धरले तरी शंभर भागांचे ४०,००० होतात. तो आंकडा फळ्यावर उमटला तेव्हां वर्गांत शांतता पसरली. "सर, हें वेड फक्त शाळेलाच परवडेल," असें तो म्हणाला. वास्तविक शाळेसही तें परवडणारें नाहीं; परंतु त्याचें म्हणणें विचार करण्याजोगें होतें.

दुसऱ्या एकानें सांगितलें कीं, तो दुकानांत उभ्या उभ्या वाचतो, आणि दुकानदार खोकला कीं पानाचा आंकडा लक्षांत ठेवून बाहेर पडतो. तिसऱ्याकडे ओळीनें बारा भाग आहेत, परंतु ते प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. उघडल्यानें पुस्तकाचा कणा मोडतो, म्हणून तो कोणास हात लावूं देत नाहीं. "मग घेतोस कशाला?" असें एका मुलीनें विचारलें. "जपायला." "जपून काय करणार?" ह्या प्रश्नावर तास संपल्याची घंटा झाली.

जपण्याची ही हौस नवी नाहीं. आमच्या लहानपणीं रविवारच्या शाळेंत हजेरीबद्दल रंगीत चित्रांचीं कार्डें मिळत. तीं आम्ही पुठ्ठ्याच्या डब्यांत ठेवीत असूं, आणि त्यांचा बाजारही भरे. दोन 'उधळ्या पुत्रां'च्या बदल्यांत एक 'सिंहांच्या गुहेंतील दानीएल' असा भाव असे, कारण सिंहांचें कार्ड क्वचितच निघे. मिशनच्या शाळांस चित्रांचें वावडें असण्याचें कारण नाहीं. मुलांसाठीं गोष्टी व चित्रें छापणारा 'बालबोधमेवा' अमेरिकन मिशननें १८७३ सालींच काढिला होता.

पुढें चित्रांच्या चौकटींतून सबंध कथा सांगणारें 'इंद्रजाल कॉमिक्स' टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनीं १९६४ सालीं सुरू केलें. आरंभीं अंकाची किंमत ६० पैसे होती. तें मराठींतही निघे, आणि त्यांत फॅंटम ह्या अमेरिकन नायकाचें 'वेताळ' असें बारसें झालें होतें. 'चांदोबा' मासिकांतील विक्रमराजाच्या खांद्यावर बसणारा वेताळ आम्हांस आधींच ठाऊक होता. त्यामुळें मुखवटा लावून पांढऱ्या घोड्यावरून दौडणारा हा दुसरा वेताळ पहिल्याचा कोण, असा आम्हांस खराच प्रश्न पडे. वडील म्हणत, दोघेही अभ्यास बुडवितात, तेव्हां भाऊच असावेत.

इंद्रजाल १९९० सालीं बंद पडलें. आमच्या हातीं तें आलें तें मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारांतून. बुधवारीं आणि रविवारीं तेथें खिळे, कुलुपें, पितळी भांडीं ह्यांच्या शेजारीं अंकांचे ढीग असत, आणि विकणाऱ्याच्या दृष्टीनें तो केवळ कागद असल्यामुळें भावही कागदाचाच असे. आज तोच अंक सांपडलाच, तर मूळ किंमतीच्या शेंकडों पट पैसे मोजावे लागतात. ह्याचें कारण मुलांनीं समजून घेण्यासारखें आहे. अंक हजारोंनीं छापले गेले. परंतु कागद हलका, टांचण्या गंजणाऱ्या, आणि घरोघरीं दिवाळीपूर्वीं रद्दीवाल्याची फेरी! मुलांनीं वाचून फाडले, आयांनीं विकले, आणि जे थोडे उरले ते दुर्मिळ झाले. अमेरिकेंत १९३८ सालीं १० सेंटांस विकलेला, सुपरमॅन ज्यांत प्रथम अवतरला तो अंक २०२४ सालीं ६० लाख डॉलरांस गेला. त्याची किंमत जपणाऱ्यांनीं जेवढी वाढविली, तेवढीच ती फाडणाऱ्यांनींही वाढविली आहे.

आतां पालकांच्या प्रश्नाकडे वळूं. वडील मंडळींस चित्रकथांची धास्ती वाटते, हें आपल्याच देशांत घडतें असें नाहीं. १९४८ च्या सुमारास अमेरिकेंत ठिकठिकाणीं मुलांकडूनच चित्रकथांच्या होळ्या करविण्यांत आल्या. १९५४ सालीं फ्रेड्रिक वर्थम ह्या मानसोपचारतज्ज्ञानें चित्रकथांमुळें मुलें बिघडतात असें प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला, आणि त्याच वर्षीं प्रकाशकांनीं धास्तावून स्वतःभोंवतीं नियमांचें कुंपण घालून घेतलें. अगदीं अलीकडे, २०२२ च्या जानेवारींत, त्याच देशांतील टेनेसी राज्यांत एका शाळामंडळानें 'माउस' ही चित्रकथा आठवीच्या अभ्यासक्रमांतून काढून टाकिली. आर्ट स्पीगलमन ह्यांनीं तींत नाझी छळछावणींतून वांचलेल्या आपल्या वडिलांची कहाणी सांगितली असून यहुदी लोक उंदरांच्या व जर्मन लोक मांजरांच्या रूपांत रेखाटले आहेत. १९९२ सालीं तिला पुलित्झर पारितोषिक मिळालें होतें. कांहीं अपशब्द आणि एक उघडें चित्र, एवढ्यावरून हें घडलें. बातमी पसरतांच त्या पुस्तकाचा खप मात्र झपाट्यानें वाढला, हें मंडळाच्या ध्यानीं आलें असेल अशी आशा आहे.

आपल्याकडे अनंत पै ह्यांनीं निराळी वाट धरिली. इंद्रजालच्या प्रकाशनाशीं त्यांचा संबंध आलेला होता. दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेंत मुलांस ग्रीक देवांविषयीं उत्तरें देतां येतात, पण रामाच्या आईचें नांव सांगतां येत नाहीं, हें त्यांनीं पाहिलें, आणि १९६७ सालीं 'अमर चित्र कथा' मालिका सुरू केली. आरंभीं पुस्तकविक्रेतेच तीं पुस्तकें ठेवावयास राजी नसत. १९७८ सालीं दिल्लींत शालेय शिक्षणांतील चित्रकथांचें स्थान ह्या विषयावर परिसंवाद भरविण्यांत आला. पुढें काळ असा पालटला कीं, कॉमिक्स म्हटल्याबरोबर नाक मुरडणाऱ्या शाळांच्या कपाटांतही अमर चित्र कथेचे भाग दिसूं लागले. आम्हांस विचाराल, तर ह्या मालिकेंतही सर्व कांहीं डोळे मिटून घ्यावें असें नाहीं. देव गोरे आणि राक्षस काळे, स्त्रियांच्या वाट्यास थोडी जागा, हे दोष अनेक अभ्यासकांनीं दाखविले आहेत. परंतु ते दोष मुलांस दाखवावयाचे, तर पुस्तक वर्गांत उघडावेंच लागेल.

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनीं निराळाच मुद्दा काढिला. "चाळीस हजारांत कोश येतील, कोश!" त्यांचें कोशप्रेम सर्वश्रुत आहे. परंतु मराठी विश्वकोशाचे वीस खंड आज संगणकावर विनामूल्य वाचतां येतात. पुण्याचीच बालभारती १९७१ पासून जें 'किशोर' मासिक काढीत आहे, त्याचे जुने अंकही तसेच खुले आहेत. जें फुकट मिळतें त्यावर खर्च करून जें मिळत नाहीं तें नाकारावें, हा हिशेब आम्हांस पटला नाहीं. (कोश मांडीवर घेऊन चाळण्याची गोडी पडद्यावर नाहीं, असें त्यांचें उत्तर आहे, आणि तें खोडून काढणें आम्हांस अद्यापि जमलेलें नाहीं.)

ह्या सर्व वादांत एक विद्यार्थी मागच्या बाकावर एक शब्दही न बोलतां बसला होता. तो खडकीहून येतो. त्याची आई तीन घरीं स्वयंपाक करिते. बसचें भाडें वांचविण्यासाठीं तो दोन महिने शाळेंतून घरीं पायीं जात होता, हें आम्हांस मागाहून कळलें. त्या पैशांत त्यानें एका मालिकेचा पहिला, दुसरा आणि पांचवा असे भाग घेतले. तिसरा व चौथा त्या दिवशीं दुकानांत नव्हते, आणि पुन्हां पैसे हातीं राहतील ह्याचा भरंवसा नव्हता. म्हणून जो होता तो घेतला. मधल्या दोन भागांची कथा त्यानें इतरांकडून ऐकून एका वहींत लिहून काढिली आहे. ती वही आम्हीं पाहिली. निबंधाच्या वहींत त्यानें एवढें सलग कधीं लिहिलेलें नाहीं. त्याच्या आईस भेटावयास बोलाविलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "सर, पुस्तकासाठीं चालला म्हणून मी रागावलें नाहीं. पण पायांतली चप्पल झिजली, ती कुठून आणूं?"

तिसरा व चौथा भाग त्याच्या वर्गांतीलच एका मुलाच्या घरीं होते. प्लॅस्टिकच्या पिशवींत.

ग्रंथालय असतें तें अशाच मुलांसाठीं, असें आमचें मत आहे. पुण्यांत नगर वाचन मंदिर १८४८ सालीं स्थापन झालें. तेव्हांपासून एकट्यास न परवडणारें पुस्तक वर्गणीच्या बळावर अनेकांनीं वाचावें, ही चाल ह्या शहरास परिचयाची आहे. ४०० रुपयांचा भाग चाळीस मुलांनीं वाचला, तर दरडोई १० रुपये पडतात. वर्षअखेर त्याचीं पानें सुटलीं तरी हा सौदा वाईट नाहीं. शिपायाकडून दोऱ्यानें शिवून घेतां येईल.

खरेदीच्या समितीनें निम्मी नव्हे, पण पांचवा हिस्सा रक्कम मान्य केली. न संपणाऱ्या मालिका शाळेनें सबंध घेऊं नयेत, असें आम्हींच सुचविलें. एकाच पुस्तकांत पुरी होणारी कथा आधीं घ्यावी. 'माउस' वरच्या वर्गांसाठीं, शिक्षकांनीं आधीं वाचून, डॉ. आंबेडकरांच्या जीवनावरील 'भीमायन', जें २०११ सालीं निघालें व ज्याचीं चित्रें दुर्गाबाई व सुभाष व्याम ह्या गोंड चित्रकारांनीं काढिलीं आहेत. अमर चित्र कथेचे निवडक भाग. आणि मुलांच्या आवडत्या मालिकेचे पहिले दहा. अर्जदारांस हें थोडें वाटलें. त्यांनीं आपापसांत वर्गणी काढून पुढील भाग घ्यावे व ते ग्रंथालयांत ठेवावे, असा एक विचार चालू आहे. वर्गणी न देणाऱ्यास वाचूं द्यावें कीं नाहीं, ह्यावर तो अडला आहे. द्यावें, असें आम्हीं सांगितलें आहे. पालकांस एवढेंच सुचवितों कीं, मुलानें नवा भाग मागितला, तर आधींचा किती वेळां वाचला हें त्यास विचारावें. आणि चार वेळां वाचला म्हणाला, तर त्यावर रागावूं नये.

संग्राहकांस आम्ही कृपण म्हणणार नाहीं. मराठी इंद्रजाल आज पाहावयास मिळतें तें पुष्कळ अंशीं त्यांच्याच माळ्यांवरील पेट्यांमुळें. म्हणून एक विनंति आहे. दिवाळीची साफसफाई करतांना जुना चांदोबा, किशोर, इंद्रजाल वा अमर चित्र कथा सांपडल्यास रद्दींत घालण्यापूर्वीं शाळेकडे पाठवावी. मुखपृष्ठ गेलें असलें तरी चालेल.

बारा भाग पिशव्यांत ठेवणाऱ्या मुलानें ही विनंति फळ्यावर वाचली आणि मधल्या सुटींत तो आमच्याकडे आला. त्याच्या वडिलांपाशीं वेताळाचे कांहीं मराठी अंक आहेत. "सर, शाळेचा शिक्का मारणार का? शिक्का मारला कीं अंकाची किंमत जाते." शेवटच्या पानाच्या आंतल्या बाजूस लहानसा मारूं, असें आम्हीं सांगितलें. घरीं विचारून सांगतों, असें म्हणून तो गेला. अद्यापि उत्तर आलेलें नाहीं.